एका मताचा हिशेब

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या गव्हर्नरपदासाठी १८३९ मध्ये झालेल्या निवडणुकीवरचा तुझा मसुदा मी दोनदा वाचला. विषय तू मनापासून निवडला आहेस, हे पानोपानी जाणवते. मात्र मार्कस मॉर्टन यांनी एडवर्ड एव्हरेट यांचा एका मताने पराभव केला, असे पहिल्याच वाक्यात वाचून मला पेन्सिल हाती घ्यावी लागली. मॉर्टन यांना ५१,०३४ मते पडली आणि एव्हरेट यांना ५०,७२५, म्हणजे दोघांमधले अंतर ३०९ मतांचे होते.

आपल्याकडे सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार निवडून येतो, त्यामुळे ही चूक आपल्या हातून सहज होते. त्या काळच्या मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र पडलेल्या एकूण मतांच्या निम्म्याहून अधिक मते मिळाली तरच गव्हर्नर थेट निवडून येई. नाहीतर निवड विधिमंडळाकडे जाई, आणि तिथे एव्हरेट यांच्या व्हिग पक्षाचे बहुमत होते. एकूण मते १,०२,०६६, त्यांची निम्मी ५१,०३३. तुझे ते एक मत इथे आहे.

आता कागद घेऊन आणखी एक हिशेब कर. मॉर्टन यांचा एखादा मतदार त्या दिवशी घरीच बसला असता, तरी ५१,०३३ मते ही १,०२,०६५ च्या निम्म्याहून जास्तच ठरली असती. त्याने दुसऱ्या कोणाच्या नावाची चिठ्ठी टाकली असती, तर मात्र बहुमत हुकले असते. दोन्ही प्रमुख उमेदवारांना सोडून किरकोळ नावांवर विखुरलेली ३०७ मते तू तळटीपेत टाकली आहेस. तिथे आणखी दोन चिठ्ठ्या पडल्या असत्या, तरी मॉर्टन अडले असते. त्या ३०७ मतांना मजकुरात जागा दे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

कारणांविषयी तू फार घाईने लिहिले आहेस. मॉर्टन हे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. डेमोक्रॅटिक पक्षातर्फे ते १८२८ पासून दरवर्षी उभे राहत आणि दरवर्षी हरत. मग १८३९ मध्ये काय बदलले? त्याच्या आदल्या वर्षी पंधरा गॅलनपेक्षा कमी मद्य विकण्यावर बंदी घालणारा कायदा झाला आणि तेव्हा गव्हर्नर असलेल्या एव्हरेट यांनी त्यावर सही केली. पंधरा गॅलन म्हणजे सुमारे ५७ लिटर. पैसेवाला पिंप विकत घेऊन तळघरात ठेवू शके. मजुराला पेलाभर दारू मिळेनाशी झाली. दारूबंदीच्या हेतूविषयी मला आदर आहे, पण एकाच कायद्याचा काच गरिबालाच बसावा, हे मला अन्यायाचे वाटते, आणि पुष्कळ मतदारांनाही तसेच वाटले. डेडम गावात तर एकाने डुकरावर पट्टे रंगवून ते तंबूत ठेवले. लोक पैसे देऊन डुक्कर पाहायला आत जात, आणि तिथे त्यांना दारूचा पेला ‘फुकट’ मिळे. तो तंबू तुझ्या लेखात नसावा, याचे मला वाईट वाटले.

निकालाला आव्हान द्यावे, असा आग्रह एव्हरेट यांच्या काही समर्थकांनी धरला होता, तो त्यांनी मानला नाही. सत्ता हाती असताना त्यांनी हे केले, म्हणून त्यांच्याविषयी मला विशेष आदर वाटतो. तू त्यांना नुसते ‘पराभूत उमेदवार’ म्हणून सोडून दिले आहेस. निदान एक परिच्छेद त्यांना दे.

तो कायदा १८४० मध्येच रद्द झाला. गव्हर्नरपदाची मुदत वर्षाचीच असल्याने त्याच वर्षी पुन्हा निवडणूक झाली, आणि मॉर्टन हरले. तुझा लेख त्यांच्या विजयापाशी थांबतो, तो इथपर्यंत आण. सुधारलेला मसुदा पाठवशील तेव्हा वरची बेरीज-वजाबाकी स्वतः करून, तो कागद सोबत जोड.

तुझा शुभचिंतक