मुलांचे इंग्रजी : एका खोलीच्या घराचे वर्णन कसे करावे?

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीत शिकते. घराविषयीचे इंग्रजी शब्द तिने तोंडपाठ केले आहेत; लिव्हिंग रूम, डायनिंग रूम, बेडरूम, किचन असे ती एका दमात म्हणून दाखवते. मात्र ‘माझे घर’ या विषयावर पाच वाक्ये लिहायला सांगितली की ती अडते. आम्ही चाळीत एका खोलीत राहतो. परवा तिने ‘आमच्या घरात तीन बेडरूम आहेत आणि पुढे बाग आहे’ अशा अर्थाची वाक्ये गाइडमधून उतरवून काढली. तिला तसेच लिहू द्यावे का?
— एक आई, लालबाग, मुंबई

उत्तर : तसे लिहू देऊ नये, असे मी आपल्याला आग्रहाने सांगेन. बाग नसताना बाग लिहिणारे मूल शब्द वापरत नाही, ते फक्त उतरवते. शिवाय आपले घर वहीत लिहिण्याजोगे नाही, असा समज त्याच्या मनात बसतो, आणि तो काढणे स्पेलिंगची चूक काढण्याहून फार अवघड असते. २००० सालापासून आपल्या मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. इतक्या लहान वयात मूल या भाषेत जी पहिली वाक्ये जुळवते, ती त्याच्या स्वतःच्या घराबद्दलची आणि खरी असावीत.

खोल्यांची नावे नीट पाहिली, तर त्यांतली बहुतेक कामावरून पडलेली दिसतात. बेडरूम म्हणजे निजण्याची जागा, डायनिंग रूम म्हणजे जेवणाची, बाथरूम म्हणजे आंघोळीची. मराठीतही स्वयंपाकघर, न्हाणीघर, देवघर ही नावे तशीच आली. आपल्या खोलीत ही बहुतेक कामे होतातच, फक्त ती एकाच जागी वेगवेगळ्या वेळी होतात. म्हणून मुलीला खोल्यांच्या नावांआधी क्रियापदे द्यावीत : कुक, ईट, स्लीप, स्टडी. रात्री जेवणे झाली, ताटे उचलली, फरशी पुसून गाद्यांची वळकटी सोडली, की त्याच वेळी तिच्यासोबत ‘वी ईट हिअर. नाउ वी स्लीप हिअर.’ एवढे म्हणावे. ‘वी लिव्ह इन वन रूम’ हे तिच्या निबंधाचे पहिले वाक्य होऊ द्यावे. त्यात व्याकरणाची चूक नाही, आणि ते तिचे स्वतःचे आहे.

मग खोलीतल्या वस्तूंकडे वळावे, कारण पुस्तकातल्या चित्रापेक्षा आपल्या खोलीत शब्द अधिक आहेत. माळ्याला लॉफ्ट म्हणतात, भांड्यांच्या फळीला शेल्फ, कोपऱ्याला कॉर्नर, उंबऱ्याला थ्रेशहोल्ड. कबर्ड हा शब्द मात्र ऐकून शिकवावा; त्याच्या स्पेलिंगमधला ‘पी’ उच्चारात नाही, आणि मुले तो आधी वाचून शिकली की वर्षानुवर्षे ‘कपबोर्ड’ म्हणत राहतात. फ्लोअर या शब्दाचे दोन अर्थ आहेत : पायाखालची जमीन आणि इमारतीचा मजला. चाळीतल्या ‘गॅलरी’ला इंग्रजीत आज बाल्कनी किंवा कॉरिडॉर म्हटलेले बरे, कारण गॅलरी म्हटल्यावर परक्या वाचकाला चित्रांचे दालन आठवते. मोरीला नेमका शब्द नाही. तेथे ‘वी वॉश अवर पॉट्स हिअर’ असे सरळ वाक्य करावे. शब्द नसला तर वाक्याने भागवता येते, हे मुलांना लवकर कळणे फार उपयोगाचे असते.

आपली मुलगी अडते, त्याचे खरे कारण मला वेगळेच वाटते. आपले ‘आहे’ हे एकच क्रियापद घराच्या वर्णनात तीन कामे करते, आणि इंग्रजीत त्या तीन कामांना तीन वेगळ्या रचना लागतात. ‘आमची खोली लहान आहे’ याचे ‘अवर रूम इज स्मॉल’ होते. ‘खोलीला एक खिडकी आहे’ याचे ‘द रूम हॅज अ विंडो’ होते. ‘खिडकीखाली खाट आहे’ याचे ‘देअर इज अ कॉट अंडर द विंडो’ होते. शब्द पाठ असलेले मूल तिसऱ्या ठिकाणी हमखास ‘अंडर विंडो कॉट इज देअर’ असे म्हणते, कारण त्याच्या मनात मराठीचा क्रम असतो. तो क्रम मराठीत बरोबरच आहे, म्हणून त्यासाठी मुलीला रागावू नये. तिन्ही वाक्ये एकाखाली एक लिहून ‘आहे’ कुठे कसे बदलले ते बोट ठेवून दाखवावे, आणि दर आठवड्याला घरातल्याच तीन नव्या गोष्टींवर तशी तीन वाक्ये करून घ्यावीत. मी वर्गात यासाठी जितका वेळ दिला, तितका दुसऱ्या कशासाठीही दिला नाही, आणि त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

स्थान दाखवणारे शब्द पाठ करून घेऊ नयेत, ते खेळातून यावेत. एक वाटी लपवावी आणि मुलीने विचारत राहावे : ‘इज इट ऑन द शेल्फ? इज इट बिहाइंड द डोअर? इज इट अंडर द कॉट?’ मराठीत ‘वर’, ‘मागे’, ‘खाली’ हे नामाच्या नंतर येतात आणि इंग्रजीत त्यांचे शब्द नामाच्या आधी येतात. ही उलटापालट समजावून सांगण्यापेक्षा पंचवीस वेळा विचारून जिभेवर लवकर बसते.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवतो. माझ्या वर्गातली काही मुले ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर जातात आणि चार-पाच महिने कोपीत राहतात. घराचा पाठ घेताना फळ्यावर बेडरूमचे चित्र काढले की ती मुले गप्प होतात. हा पाठ कसा घ्यावा?
— एक शिक्षक, बीड जिल्हा

उत्तर : गुरुजी, त्या मुलांचे गप्प होणे आपल्या लक्षात आले, तेथेच अर्धे काम झाले आहे. पाठाची सुरुवात फळ्यावर न करता मैदानात करावी. काड्या, गवत आणि कापडाचा तुकडा देऊन कोपी कशी उभारतात, हे त्या मुलांनाच करून दाखवू द्यावे. त्या दिवशी इतर मुले त्यांच्याकडून शिकतील. बांबू रोवला की ‘दिस इज अ पोल’, पाचट किंवा ताडपत्री घातली की ‘दिस इज द रूफ’, आत अंथरले की ‘दिस इज अ मॅट’. चूल बाहेर मांडली की ‘द फायर इज आउटसाइड द हट’. इनसाइड आणि आउटसाइड यांतला फरक त्या मुलांना जितका ठाऊक आहे, तितका फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाला क्वचितच असेल. दुसऱ्या दिवशी हेच भूतकाळात घ्यावे : ‘वी लिव्ह्ड इन अ हट.’

एक खबरदारी मात्र घ्यावी. एखाद्या मुलाला कोपीविषयी बोलायचे नसेल, तर त्याला उभे करून विचारू नये. त्याला गावातले घर, आजीचे घर, गोठा, जे हवे ते निवडू द्यावे.

बेडरूम, सोफा, डायनिंग टेबल हे शब्दही शिकवलेच पाहिजेत. ते पुढे वाचनात आणि परीक्षेत लागतात. ते ‘तुमच्या घरी काय आहे’ या प्रश्नाखाली न घेता ‘या चित्रात काय दिसते’ या प्रश्नाखाली घ्यावेत, एवढाच भेद पुरतो. आणि त्याच तासाला मुलांना हेही सांगावे की इंग्रजीतला कॉट हा शब्द आपल्या खाटेवरून गेलेला आहे, बंगलो हा बंगल्यावरून, आणि व्हरांडाही त्या भाषेत भारतातूनच पोहोचला. ज्या मुलाच्या अंगणात खाट आहे, त्याच्या घरून इंग्रजीने शब्द नेला आहे, हे त्याला कळले पाहिजे.

प्रश्न : आमची नात लंडनमध्ये वाढते. सुट्टीत कोकणातल्या घरी आली, की ओटी, पडवी, माजघर यांना इंग्रजीत काय म्हणतात ते विचारते. मी ओटीला ‘हॉल’ म्हटले, तर तिने ते चूक ठरवले. बरोबर शब्द कोणते?
— एक आजी, गुहागर

उत्तर : आजी, तुम्ही दोघीही आपापल्या जागी बरोबर आहात. आपल्याकडे घराच्या बैठकीच्या खोलीला हॉल म्हणतात. ब्रिटनमध्ये घराचा हॉल म्हणजे दारातून आत आल्यावर लागणारी अरुंद वाट, जेथे कोट आणि बूट ठेवतात. तेथल्या बैठकीच्या खोलीला लिव्हिंग रूम किंवा सिटिंग रूम म्हणतात. तसेच तेथे कॉट म्हणजे तान्ह्या बाळाचा कठडा असलेला पलंग, त्यामुळे आजोबा कॉटवर झोपतात असे ऐकून नात गोंधळली, तर आश्चर्य नाही.

पडवीला व्हरांडा चालेल आणि माजघराला मिडल रूम. ओटी हा शब्द मात्र तसाच ठेवावा आणि पुढे एक वाक्य जोडावे : ‘द ओटी इज द फ्रंट रूम व्हेअर गेस्ट्स सिट.’ परसाचेही तसेच करावे. बॅकयार्ड म्हटल्याने त्यातली विहीर, केळी आणि अळू डोळ्यांपुढे येत नाहीत.

खिडकीपाशी बसाल, तेव्हा नातीला एक गंमत सांगा. तिचा विंडो हा शब्द उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतून आला, आणि त्याचा मूळ अर्थ ‘वाऱ्याचा डोळा’ असा होता. आपल्या संस्कृतातल्या गवाक्षाचा अर्थ ‘बैलाचा डोळा’. मग तिला आपल्या घराचा नकाशा काढायला सांगून प्रत्येक खोलीत वर मराठी नाव आणि खाली एक इंग्रजी वाक्य लिहून घ्यावे, आणि तो नकाशा तिने लंडनच्या शाळेत घेऊन जावा.