माळावर कोणती झाडं लावू?

प्रश्न : नान्नजजवळ आमची चार एकर मुरमाड जमीन दहा वर्षं पडीक आहे. ओसाड माळच तो. झाडं लावली तर जंगल होईल का? कोणती लावावीत?
— एक वाचक, उत्तर सोलापूर

उत्तर : ‘ओसाड’ म्हणू नका. १९७९ साली तुमच्या शेजारी माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं ते अशाच माळासाठी. माळढोक उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो आणि शत्रू लांबूनच हेरतो. दाट झाडीत त्याचा निभाव लागत नाही.

सह्याद्री ओलांडेपर्यंत ढग रिते होतात. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, सोलापूरला जेमतेम सहाशे-सातशे, तोही बहुतेक जून ते ऑक्टोबरमध्ये. पण नुसता पाऊस सगळं ठरवत नाही. त्याच पावसावर ओढ्याकाठच्या खोल काळ्या मातीत कडुलिंब, बाभूळ झकास वाढतात. माळावर वीतभर मातीखाली मुरूम, मग काळा पाषाण. ओल धरायला जागाच नाही. गवत वरच्या ओलीवर चार महिन्यांत बी धरतं आणि उन्हाळाभर मुळाशी जिवंत राहतं. झाडाच्या रोपाला ते साधत नाही, टँकर लावलात तर गोष्ट वेगळी.

नांगर थांबला की आधी गाजरगवत, तण आणि एकवर्षायू गवतं येतात. चराई बेताची असेल तर काही वर्षांत कुसळी, मग पवन्या, मारवेल ही गवतं जम बसवतात. चराई अति झाली की गाडी उलटी फिरते : गुरं चांगलं गवत ओरबाडतात, तरवडाच्या झुडपाला तोंड लावत नाहीत. तुमच्याकडे तरवड माजला असेल तर हेच झालंय.

तेव्हा खड्डे खणू नका. सलग समतल चरही (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले लांब चर) नकोत, असलेली पातळ माती उलथते. जून ते ऑक्टोबर गुरं बंद ठेवा. जिथे गवत उरलंच नाही तिथेच बी टाका : मारवेल-पवन्याचं बी दिवाळीच्या सुमारास गोळा करून कोरडं ठेवा, कारण ताजं बी नीट उगवत नाही. पहिल्या पावसानंतर एकरी दोन किलो, ओलसर मातीत मिसळून फेका. बोटाच्या पेरापेक्षा खोल गेलं तर वर येत नाही. कापणी कुसळं टोकदार व्हायच्या आत करा, पण तिसरा हिस्सा बियाण्यासाठी उभा राखा.

वेडी बाभूळ नुसती तोडलीत तर दुप्पट फुटते. पावसाळ्यात माती मऊ असताना खोडाखालचा गड्डा वीतभर खणून काढा. गिरिपुष्पाचंही (ग्लिरिसिडिया) तसंच, मुळासकट.