मूत्रपिंडविकारात तोंडीलावणे निवडताना

आपण नव्यानेच पथ्याला लागला आहात, तेव्हा सुरुवातीला सगळे लक्ष मिठावर ठेवावे. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे 2 ग्रॅमच्या आत सोडियम, ही सर्वसाधारण मर्यादा आहे. नवखे लोक हमखास ‘लो सोडियम’ मीठ आणतात, परंतु त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते आणि ते या विकारात घातक ठरू शकते. सैंधवातही सोडियमच असते. सोलापुरी शेंगाचटणीत मिठाखेरीज दाण्यांतले पोटॅशियम आणि फॉस्फरसही येते, म्हणून कडक भाकरीबरोबर ती बोटभरच चाखावी (सोलापूरकराला हे जड जाणार, याची कल्पना आहे). काकडीच्या कोशिंबिरीवर लिंबू पिळून जिरे-हिंगाची फोडणी दिल्यास मिठाची उणीव फारशी जाणवत नाही. बाटलीबंद सॉसच्या लेबलावर सोडियम आणि फॉस्फेट तपासावे. पोटॅशियमची मर्यादा रक्ततपासणी पाहून डॉक्टरांनाच ठरवू द्यावी.