अनिश्चितता कोणाला किती सोसते, हे मोजता येतं का?

येतं. फक्त आधी दोन गोष्टी वेगळ्या करा: एकाच गोष्टीचे अनेक अर्थ निघतात ती संदिग्धता, पुढे काय होणार ते ठाऊक नसतं ती अनिश्चितता. संदिग्धतेसाठी स्टॅन्ली बडनर यांची १९६२ची १६ विधानांची प्रश्नावली आहे. अनिश्चिततेसाठी २७ विधानांची, आणि तिचीच १२ विधानांची छोटी आवृत्ती. छोटीत प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण. बेरीज जितकी जास्त, तितकी अनिश्चितता जाचते.

मला मात्र डॅनियल एल्सबर्ग यांनी १९६१मध्ये मांडलेली पैज जास्त बोलकी वाटते. एका भांड्यात ५० लाल, ५० काळे चेंडू. दुसऱ्यात एकूण १००, पण कोणते किती ते गुपित. लाल निघाला तर बक्षीस. बहुतेक जण पहिलं भांडं निवडतात. बक्षीस काळ्यावर ठेवलं तरी पहिलंच! आता दुसऱ्यात लालही कमी आणि काळेही कमी असं कसं असेल? इथे माणूस स्वतःबद्दल काय सांगतो यापेक्षा तो काय निवडतो ते दिसतं.

प्रश्नावली मराठीत वापरणार असाल तर एकाकडून भाषांतर करून घ्या आणि दुसऱ्याकडून, मूळ न दाखवता, ते परत इंग्रजीत करून ताडून पाहा.