जुना चेनसॉ खोलताय? आधी तो बसला कशानं ते बघा

प्रश्न : नमस्कार सर, मी सोलापूरचा, होटगी रोडला राहतो. मोहोळकडच्या एका शेतकऱ्याकडून 58 सीसीचा वापरलेला चायना चेनसॉ घेतलाय, बांधावरच्या बाभळी आणि सुबाभूळ कापायला. सुरुवातीला गरम झाला की बंद पडायचा, आता दोरी एकदम हलकी लागते, चालूच होत नाही. सायलेन्सर काढून आत बघितलं तर पिस्टनवर उभे ओरखडे आहेत. मेकॅनिक म्हणतो बोअर मारून (सिलिंडर आतून कापून मोठा करून) ओव्हरसाईज पिस्टन टाकू. मित्र म्हणतो सायलेन्सर मोकळा कर, मॅग्नेटची (फ्लायव्हीलची) चावी घासून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पुढं घे, मशीन उडेल. खर्च करायची तयारी आहे पण एकदाच. काय करू?

उत्तर : दादा, पहिलं म्हणजे बोअर मारू देऊ नका. जुन्या लुनाचा बिडाचा बोअर मारता यायचा म्हणून लेथवाल्यांना ती सवय आहे, पण चेनसॉचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा असतो आणि आतून त्याला क्रोम किंवा निकेलचा अगदी पातळ, कडक थर असतो. तो थर कापला की खाली मऊ ॲल्युमिनियम उघडं पडतं आणि नवा पिस्टन काही दिवसांत त्याला चिकटतो. बहुतेक वेळा सिलिंडरमध्ये दिसणारे ओरखडे म्हणजे पिस्टनचंच ॲल्युमिनियम तिथं पुसलेलं असतं, थर खाली शाबूत असतो. बारीक वॉटर पेपर ऑईल लावून हळूहळू फिरवा, नख फिरवून बघा, नख अडकलं नाही तर सिलिंडर वाचला. थर उडालेला दिसला तर मात्र सिलिंडर-पिस्टन सेटच घ्या, या मशीनचा सहज मिळतो आणि महागही नाही.

आता खरं काम. गरम झाला की बंद पडायचा असं तुम्ही लिहिलंय ना, त्यातच उत्तर आहे. ओरखडे फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील तर मशीन लीन चाललीय, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि पेट्रोल कमी म्हणजे त्यातून जाणारं ऑईलपण कमी. चारी बाजूंनी ओरखडे असतील तर कोणीतरी ऑईल न घालताच साधं पेट्रोल भरलं असणार. लीन असेल तर बहुतेक वेळा हवा कुठून तरी घुसत असते, आणि ती जागा न शोधता नवा पिस्टन टाकला तर तोपण तसाच जाणार, इथंच लोकांचे पैसे जातात आणि मला याचंच वाईट वाटतं.

गळती शोधायला महागडं काही लागत नाही. बीपी बघायच्या यंत्राचा फुगा आणि काटा घ्या, जुन्या टायर ट्यूबचे तुकडे कापून सायलेन्सरच्या आणि कार्बोरेटरच्या तोंडावर घट्ट कसा, प्लग लावलेला राहू द्या, आणि क्रँककेसमधून कार्बोरेटरकडं जाणाऱ्या इम्पल्स नळीतून काटा 250 पर्यंत हवा भरा. काटा खाली यायला लागला की साबणाचं पाणी लावत जा. क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑईल सील, इनटेकचा रबरी बूट आणि सिलिंडरखालचं पॅकिंग, फुगे याच जागी येतात. फुगे नाही आले तरी मशीन उघडलीच आहे तर दोन्ही सील नवीन टाका, कारण सीलची ओठी एकाच दिशेला असते, दाबात टिकलेलं सील इंजिन आत हवा ओढतं तेव्हा बाहेरची हवा आत घेऊ शकतं. पिस्टन बसवताना वरचा बाण सायलेन्सरकडं आणि पिनच्या क्लिपा नव्याच, जुनी क्लिप निसटली तर सगळा खर्च पाण्यात.

दम वाढवायचाय तर माझा भर कॉम्प्रेशनवर. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार आत घालून पिस्टनच्या कडेपर्यंत न्या, मॅग्नेट हातानं एक फेरा फिरवा, चेपलेल्या तारेचं टोक व्हर्नियरनं मोजा. पिस्टन आणि सिलिंडरचा माथा यातलं हे अंतर 0.5 मिमीच्या आसपास हवं. 1 मिमी निघालं तर खालच्या जाड पॅकिंगऐवजी पातळ पॅकिंग किंवा उष्णता सोसणारं सीलंट लावून बसवा, पण परत तार घालून मोजल्याशिवाय दोरी ओढायची नाही. एवढ्यानं लाकडात जो जोर येतो तो बाकी कशानं येत नाही.

सायलेन्सर थोडा मोकळा केला तर फायदा होतो हे खरं, पण बाहेरचं तोंड एक्झॉस्ट पोर्टपेक्षा लहानच राहू द्या आणि ठिणग्या अडवणारी जाळी काढू नका. आपल्याकडं मार्च-एप्रिलमध्ये बांधावरचं गवत कसं वाळलेलं असतं तुम्हाला माहितीय. तोंड मोठं केलं की एच स्क्रू (कार्बोरेटरवरचा, फुल रेसचं पेट्रोल ठरवणारा) थोडा उघडावाच लागतो, नाहीतर परत लीन. टायमिंगला हात लावू नका, इथल्या उन्हात इंजिन आधीच तापतं, त्यात वाढ कशाला.

पेट्रोल आता पंपावर ई20 येतं, त्यातलं इथेनॉल ओल धरतं आणि कार्बोरेटरचा डायफ्राम कडक करतं, म्हणून काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवा. टू-स्ट्रोक ऑईल जासो एफडी (ऑईलचा दर्जा) लिहिलेलं घ्या आणि या मशीनला 25:1 म्हणजे लिटरला 40 मिली. सुरक्षित म्हणून 60-70 घालू नका, ऑईल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी जातं. सेटिंग करताना फुल रेसला, बार (चेन ज्यावर फिरते ती पट्टी) लाकडात नसताना आवाज किंचित घोगरा, फडफडता यायला हवा, लाकडात घातला की तोच आवाज साफ होतो. हवेतच कर्कश साफ आवाज आला तर एच स्क्रू लगेच उघडा. आणि मे महिन्यात लावलेली सेटिंग डिसेंबरच्या सकाळी तपासून बघा, थंड हवा दाट असते, मशीन लीन होते.

चेन ब्रेक नीट लागतोय ना ते मात्र सगळ्यात आधी बघा, जोर वाढलेली मशीन बारच्या टोकाला अडली तर उसळून तोंडावर येते.

प्रश्न : माझा चेनसॉ नीट चालतो पण कडुनिंबात चेन जाळते, धूर येतो आणि भुसा पिठासारखा बारीक पडतो. इंजिन कमजोर झालं का? (बार्शी)

उत्तर : नाही ओ, चेन बोथट आहे. धारदार चेन किसासारखे तुकडे काढते. चेन 0.325 इंच पिचची (कड्यांमधल्या अंतराचं माप) असेल तर 4.8 मिमीची गोल कानस घ्या, प्रत्येक दाताला सारखेच हात मारा आणि दाताच्या पुढचा उंचवटा दाताच्या धारेपेक्षा 0.65 मिमी खाली आहे का बघा. बारला ऑईल येतंय का तेपण तपासा, मशीन पांढऱ्या कागदावर धरून रेस करा, ऑईलची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर बारचं ऑईलचं भोक भुशानं बुजलेलं असेल, तारेनं साफ करा.