भुंग्यावरचे माइट्स बघायला लागलेल्या भावासाठी

भावा, भुंग्याला (म्हणजे कडक पाठीच्या बीटल किड्याला, भुणभुणणाऱ्या माशीला नाही) गोचिड्या लागल्यात म्हणून पाठवलेला तुझा फोटो बघितला. त्या गोचिड्या नाहीत, माइट्स आहेत, म्हणजे गोचिडीच्याच नात्यातले बारीक जीव, आणि लगेच चिमटा घेऊन उपटत बसू नकोस. यातले बरेचसे भुंग्याचं रक्त प्यायला नाही तर एसटीच्या टपावर बसल्यासारखे फुकट प्रवासाला चढलेले असतात, पंख नाहीत ना त्यांना, मग लांब जायचं तर कुणावर तरी बसूनच. काही खरे परजीवी पण असतात म्हणा, ते फोटोवरून ठरवायचं नाही.

आधी भिंगाने पोटाची बाजू, पायांचे सांधे आणि मानेजवळची खाच बघ, वरून पाठीवर दिसतात त्यापेक्षा जास्त तिथं लपलेले असतात. काही माइट्स मागून चिकट द्रव सोडून त्याचा देठ करतात आणि त्याच्यावर लटकतात, काहींना चिकटायला चोषक म्हणजे बारीक वाट्यांसारखे अवयव असतात आणि त्या प्रवासी अवस्थेत तोंडच चालत नाही, म्हणजे खाणंच बंद!

शेणकिड्यांवर पण बघ, तिथले काही माइट्स शेणात उतरून माश्यांची अंडी खातात.

एका डबीत एकच भुंगा ठेव, नाहीतर माइट्स याच्यावरून त्याच्यावर जातात आणि कुठला कुणाचा कळत नाही. तारीख, जागा, भुंगा कुठला हे तिथंच लिही. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फक्त फोटो काढ, काही उचलू नकोस. बाकी यवतेश्वरच्या रस्त्याला पावसाळ्यात दिव्याखाली भुंगे भरपूर सापडतील. आणि काळ्यावर सहा पांढरे ठिपके असलेला मोठा भुंगा दिसला तर तोंड जवळ नेऊ नकोस, ॲसिड उडवतोय तो, डोळ्यात गेलं तर लय आग होते.