‘ला रात’ लावताय? आधी बेणं कुठून आणलं ते बघा

फ्रान्समधल्या ल्योनच्या परसबागेत सुपरमार्केटमधले ‘ला रात’ जातीचे बटाटे लावले, पानं आखडली, खाली करंगळीएवढाच माल निघाला आणि उकडल्यावर सॅलडमध्ये त्याचाही चुरा झाला, असं तुम्ही लिहिलंय. या दोन वेगळ्या भानगडी आहेत.

ऊन-पाणी-खताचं तुम्हाला ठाऊक असेलच. पानं सुरकुतून फिकट-हिरवे डाग पडले असतील तर बहुतेक वाय विषाणू (बटाट्याचा ‘पोटॅटो व्हायरस वाय’). खालची पानं वर वळून कडक झाली असतील तर पर्णवलन, तोही विषाणूचाच रोग. (फोटोशिवाय ठामपणे सांगत नाही.) ही जात एकोणिसाव्या शतकातली, तेव्हापासून बटाट्यातूनच वाढवत आणलेली. विषाणू लागला की तो बेण्यातून पुढच्या पिढीत जातो, औषध नाही. वाय विषाणू मावा काही सेकंदांत सोंड खुपसून पसरवतो, त्यामुळे फवारणीनेही तो फारसा अडत नाही. असं झाड बटाट्यांसकट उपटून टाकायचं, त्यातलं बेणं ठेवायचं नाही. शिवाय खाण्याच्या बटाट्याला कोंब-रोधक लावलेलं असू शकतं.

म्हणून प्रमाणित बेणंच घ्या, पिशवीवर निळं लेबल बघून. आमचा एक अख्खा हंगाम गेला तो एका ऑनलाइन विक्रेत्यामुळे. लेबल नाही, वर विचारलं तर उत्तर काय, ‘तुमच्याकडची हवा खराब’! पैसे राहिले बाजूला, त्याच वाफ्यातल्या बाकीच्या बटाट्यांनाही रोग लागला. लेबलाचा फोटो आधी न पाठवणाऱ्याकडून काही घेऊ नये, हे माझं मत.

२८ ते ३५ मि.मी.चं बेणं उजेडात, १०-१२ अंशांत ठेवून कोंब १-२ सें.मी. झाले की लावा. तिकडे लायलॅक (सुवासिक फुलांचं झुडूप) फुलला की बटाटे लावायची जुनी रीत आहे, ती वाईट नाही, पण जमीन वाफशावर हवी, म्हणजे ओलसर पण चिखल न होणारी. खोली १० सें.मी., दोन झाडांत ३०, दोन ओळींत ६०-७०. मातीची भर दोनदा. करप्यापुढे ही जात हळवी आहे. बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) रोग दिसल्यावर मारून उपयोग नाही, आधीच मारावं लागतं.

आता चुरा. हा बटाटा मेणट, मोडायला नको. बहुधा खळखळ उकळलात. सालीसकट गार पाण्यात घाला, लिटरला १० ग्रॅम मीठ, उकळी येताच आच मंद, १५-२० मिनिटं. पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाकलं तर बटाट्याला धरून ठेवणारं पेक्टिन टिकतं, काप तुटत नाहीत. गरम असतानाच सोला, ५ मि.मी.चे काप करा, लगेच व्हिनेगर किंवा कोरडी व्हाइट वाइन शिंपडा. तेल नंतर, व्हिनेगरच्या तिप्पट. तेल आधी घातलं की आंबट आत शिरत नाही. फ्रिजमध्ये ठेवू नका, स्टार्च घट्ट होऊन काप रवाळ लागतात.

‘ला रात’चं निरोगी बेणं मिळालंच नाही तर ‘बेल द फोंतने’ किंवा ‘शार्लोत’ या जाती लावा. विकतच आणणार असाल तर पिशवीवर ‘शेर फेर्म’ (घट्ट गराचा) लिहिलेलं शोधा. सॅलडला चालतील ते तेच.